ओल्या भिंतीला रंग नको, आधी पाणी कुठून येतं ते शोधा

पत्र : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात तीन वर्षांपासून भाड्याने राहते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. भाडं महिन्याला २,५०० रुपये. जुलैच्या शेवटी नाल्याचं पाणी गावात शिरलं आणि आमच्या घरात रात्रभर गुडघ्याएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही घर धुतलं. पण पंधरा दिवसांत झोपायच्या खोलीच्या भिंतीवर आणि आलमारीमागे काळे-हिरवे डाग आले. कुबट वास जातच नाही. सहा वर्षांच्या मुलाला रात्री खोकला येतो, छाती वाजते. महालक्ष्म्यांना चार दिवस माहेरी गेलो तर खोकला थांबला, परत आलो तर दुसऱ्याच रात्री सुरू. सासूबाईंना शुगर आहे. २०२१ मधली 'काळी बुरशी' ती हीच का, म्हणून त्या घाबरल्या आहेत. घरमालक काकाजी समोरच राहतात, माणूस चांगला आहे. 'पावसात ओल येतेच नं बाई, खोलीत शेगडी ठेवा, निंबाचा धूर करा, दिवाईले रंग मारून देतो,' असं म्हणतात. भाडं कमी आहे, गावात दुसरं घर मिळत नाही, त्यामुळे जास्त बोलायची हिंमत होत नाही. काय करू? शाळेची काही रजिस्टरं आणि माझी पुस्तकंही भिजली आहेत.

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. माहेरी गेल्यावर खोकला थांबला आणि घरी आल्यावर सुरू झाला. तेव्हा भिंतीचं, रंगाचं, काकाजींचं नंतर बघू. आज रात्रीपासून मुलाचं अंथरूण त्या खोलीतून हलवा. पुढची खोली कोरडी असेल तर तिथे, नाहीतर स्वयंपाकघरात. जागा अपुरी पडेल, पण काही आठवडे तसंच निभवा. आणि या आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्या. 'खोकला आहे' एवढंच सांगू नका. 'घरात ओल आणि बुरशी आहे, रात्री छाती वाजते, चार दिवस दुसऱ्या घरी राहिलो तर बरं वाटलं,' हे सगळं सांगा. बुरशीमुळे दमा उठू शकतो, ॲलर्जीचा खोकला येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली, त्यातही ओलसर घर आणि श्वासाचे त्रास यांचा संबंध स्पष्ट मांडला आहे. छाती तपासून, घराची हकीकत ऐकूनच डॉक्टर औषध ठरवतील. दरम्यान कधी श्वास लागून बोलता येईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर वेळ पाहू नका, तसेच दवाखाना गाठा.

शेगडीचं मात्र अजिबात ऐकू नका. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड पेटवलं की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि जीव जातो. काकाजी मनापासून सांगतात, पण हा सल्ला घातक आहे. निंबाच्या धुराने भिंत सुकत नाही. ज्याची छाती आधीच वाजते आहे त्या लेकराच्या नाकात फक्त धूर जातो.

सासूबाईंना सांगा, २०२१ साली कोरोनानंतर नागपूरपासून खेड्यापाड्यांपर्यंत लोकांनी ज्या आजाराचा धसका घेतला होता तो म्युकरमायकोसिस. अनियंत्रित शुगर, स्टेरॉइडची औषधं आणि खचलेली प्रतिकारशक्ती असलेल्या माणसांत तो शिरत होता. भिंतीवर काळे डाग दिसले म्हणजे तो आजार घरात आला, असं नाही. भिंतीवरच्या बुरशीच्या रंगावरून तिचा धोका ओळखता येत नाही, आणि ती कोणत्या जातीची आहे हे तपासून घ्यायचा खर्चही करू नका. कोणतीही असली तरी उपाय तोच. पण शुगर असलेल्या माणसाने बुरशी खरवडायला जाऊ नये हे खरं. साफसफाईच्या दिवशी सासूबाई आणि मुलगा दोघंही शेजारी किंवा नातलगांकडे राहू द्या. त्यांची शुगर ताब्यात ठेवणं हेच त्यांचं खरं संरक्षण आहे.

आता भिंतीकडे वळू. बुरशीचे बीजाणू तुमच्या घरात, माझ्या घरात, शेतात, हवेत सगळीकडे असतात. ते पूर्ण हाकलता येत नाहीत. त्यांना रुजायला ओल लागते, आणि भिजलेल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. म्हणून दिसणारा डाग पुसण्याआधी पाणी शोधायचं. हे मी एकदा स्वतः चुकून शिकले. नोकरीच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावी एका खोलीत राहत होते. माहेरची माणसं येणार म्हणून डागांवर घाईने ऑइल पेंट मारला. महिनाभर भिंत चकचकीत दिसली, मग रंगाला फुगे आले, पोपडे सुटले आणि खाली आधीपेक्षा दुप्पट काळं निघालं. रंगाने भिंतीचं तोंड बांधलं होतं, पाणी आतच कोंडलं होतं. दिवाळीला रंग मारला तर तुमच्या घरातही हेच होईल. रंगाचे पैसे जातील आणि संक्रांतीला तुम्ही आत्ता आहात तिथेच असाल.

पाणी कोणत्या बाजूने येतं ते आधी बघा. एक, पुराचं पाणी जिथवर चढलं होतं ती रेघ अजून दिसत असेल. डाग तिच्याच आसपास असतील तर भिंतीने पुराचं पाणी पिऊन ठेवलं आहे. दोन, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल आणि वर भिंत कोरडी असेल, तर पाणी पायातून वर चढतं आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, लवकर सोडत नाही, आणि जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर घातलेलाच नसतो. यात अलीकडे एक भर पडली आहे. गावात सिमेंटचा रस्ता दरवेळी जुन्या रस्त्यावरच ओतला जातो. रस्ता उंच होतो आणि घराचं अंगण खड्ड्यात जातं. बाहेर जाऊन बघा, तुमचा उंबरठा रस्त्याच्या वर आहे की खाली? तीन, ओल वरून येत असेल तर सरकलेले कवेलू, टिनाच्या पत्र्याचे सैल खिळे, स्लॅबवर साचलेलं पाणी, तुंबलेली पन्हाळ यांवर नजर टाका. पावसाचा मार बहुधा पश्चिमेच्या भिंतीला बसतो, तिथल्या भेगा पाहा. चार, घरातूनच निघालेली वाफ. न्हाणीचं उघडं दार, आत वाळत घातलेले कपडे, आणि विदर्भातलं घर म्हटलं की कूलर. उन्हाळ्यानंतरही तो खिडकीत तसाच असेल, टाकीत पाणी असेल, ताट्या ओल्या असतील, तर तो खोलीत ओलच फेकतो.

खात्री करायला एक साधी परीक्षा सांगते. खताच्या पिशवीच्या आत असतं तसं पातळ प्लास्टिक हात-दीड हात घ्या, स्वच्छ धुऊन पुसा, आणि भिंतीवर चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लावा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतं आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीची हवाच दमट आहे. आणखी एक, भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशीच आहे असं समजू नका. तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार, असू शकतो. थोडी भुकटी पाण्याच्या वाटीत टाका. विरघळली तर लोणा, नाही विरघळली तर बुरशी. या क्षाराने फुप्फुसाला तसा अपाय होत नाही, पण भिंतीतून पाणी येतं आहे याची तो पक्की खूण आहे.

साफ करण्याआधी वीज बंद करा. पुरात बुडालेल्या आणि अजून ओल्या असलेल्या भिंतीतला बोर्ड, सॉकेट, अर्थिंग वायरमनला दाखवल्याशिवाय त्या खोलीत मिक्सर, इस्त्री काहीच लावू नका. हे काम काकाजींशी बोलण्याच्याही आधी, आजच.

तुम्ही डाग किती आहेत ते लिहिलं नाही. साधारण तीन फूट बाय तीन फूट एवढी जागा असेल तर स्वतः साफ करता येते. बुरशी पूर्ण भिंतभर पसरली असेल तर मिस्त्रीला बोलवा, त्याला आधी हकीकत सांगा आणि त्याच्याही तोंडाला मास्क द्या. तुम्ही करणार असाल तर नाकातोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घ्या. ओढणी बांधून भागत नाही. सामान बाहेर काढा, खिडक्या उघडा, आतल्या दारावर ओली चादर लावा. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने डाग खरवडू नका, त्याने बीजाणू धुळीसारखे सगळ्या घरात उडतात. आधी भिंत ओलसर करा, कपड्याच्या साबणाच्या पाण्याने घासा, फडक्याने पुसून घ्या, पुन्हा स्वच्छ पाण्याने पुसा. फडकी नंतर पिशवीत बांधून टाकून द्या. मग भिंत लगेच सुकवायची. ग्रामपंचायतीत विहिरीसाठी असलेली ब्लीचिंग पावडर लोक भिंतीवर फासतात. फरशी, काच, पत्रा अशा गुळगुळीत जागी ती चालते, पण गिलाव्यात खोल गेलेली बुरशी तिने जात नाही. साबणच पुरे. ब्लीचिंगचं पाणी आणि संडास धुण्याचं ॲसिड मात्र कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

सुकवायला सगळ्यात मोठी मदत ऊन करेल. विदर्भातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो, मग हवा कोरडी होत जाते. तोवर सकाळी अकरा ते दुपारी चार, ऊन असेल तेवढा वेळ, समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी ठेवा. पाऊस पडत असताना बंद. कूलरच्या ताट्या काढून टाका, टाकी उपसून पुसा, पाण्याची मोटर बंद ठेवा आणि नुसता पंखा भिंतीकडे तोंड करून चालवा. भिंतीला चिकटलेली आलमारी, दिवाण, पेट्या वीतभर पुढे ओढा. भाकऱ्या भाजताना, डाळ शिजवताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी हवी. कपडे ओसरीत वाळवा. हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र चार-पाचशे रुपयांत मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे, ५० असला तर अजून छान. भिंत मात्र घाईने सुकत नाही. विटांची जाड भिंत एकदा पाणी प्यायली की महिने लागतात, आणि काही घरं तर एप्रिल-मेचं ऊन खाल्ल्यावरच खरी कोरडी होतात.

म्हणून काकाजींना रंगाऐवजी दुसरं काम सांगा. पाण्याची रेघ जिथवर आहे तिच्या फूटभर वरपर्यंतचा भुसभुशीत, फुगलेला गिलावा पाडून भिंत उघडी ठेवायची. आतली वीट मोकळ्या हवेत सुकू द्यायची. बाहेरच्या बाजूने भिंतीलगत चढलेली माती काढायची आणि पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार करायचा, पन्हाळ मोकळी करायची. या बाहेरच्या कामाला मजुरी सोडली तर फारसा खर्च नाही, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. गिलावा पुन्हा करताना ओल्या भिंतीवर घट्ट सिमेंटचं प्लास्टर चढवलं तर पाणी कोंडतं आणि आणखी वर चढतं. भिंत कोरडी झाल्यावर चुन्याची सफेदी मारावी. चुना क्षारी असतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही, आणि भिंतीला श्वास घेता येतो. फक्त त्यात चिकटपणासाठी डिंक घालू नका, तो बुरशीचं खाद्य आहे. चुना भिजवताना हात-डोळे जपा, भाजतो. आणि ओल असेपर्यंत त्या भिंतीवर शेणाचं सारवणही नको.

गादीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगते. नाल्याच्या पाण्यात बुडालेली कापसाची गादी आणि उशा पिंजून पुन्हा भरून घ्यायचा मोह होतो. नको. त्या पाण्यात गावाची घाण होती, कापूस आतपर्यंत ओला राहिला, आणि पिंजताना सगळं पिंजणाऱ्या माणसाच्या छातीत जातं. टाकून द्या. कपडे, चादरी, गोधड्या गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवल्या तर वाचतात. तलाठ्याने पुराचा पंचनामा केला तेव्हा काकाजींच्या घराचं नुकसान लिहिलं गेलं असेल. तुमच्या गाद्या-भांड्यांचं लिहिलं का, हे विचारा. राहणारं कुटुंब तुमचं आहे. भाडेकरू आहोत म्हणून आपला हक्क नाही असं समजून अनेक जण मागेच थांबतात.

आता काकाजी. तुमची अडचण मला पूर्ण समजते. समोरासमोर राहणं, सणाला ताट जाणं, भाडं कमी असणं, या सगळ्याने तोंड बांधलं जातं. पण तुम्ही उपकार मागत नाही आहात. घर वाचलं तर घर त्यांचंच वाचेल. एखाद्या संध्याकाळी यजमानांना घेऊन काकाजींच्या ओसरीवर बसा, प्लास्टिकवरचे थेंब दाखवा, मुलाचं सांगा, आणि विभागणी ठेवा: माती, उतार, छप्पर, गिलावा काकाजींकडे, साफसफाई आणि हवा खेळती ठेवणं तुमच्याकडे. भिंत उघडी असेल तितके महिने भाडं थोडं कमी करता येईल का, तेही विचारा. ठरेल ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. फोटो तारखेसह ठेवा.

त्यानंतरही हालचाल झाली नाही तर पत्र द्या. भाषा अशी असू द्या: 'आदरणीय काकाजी, जुलैच्या पुरानंतर झोपायच्या खोलीच्या भिंतीत ओल व बुरशी आहे. त्यामुळे मुलाला श्वासाचा त्रास होतो आहे. छप्पर, पन्हाळ, भिंतीलगतची माती व गिलावा यांची दुरुस्ती १५ दिवसांत करून द्यावी ही विनंती. साफसफाई आम्ही करू.' तारीख, सही, एक प्रत तुमच्याजवळ.

हे १५ दिवस मी उगाच लिहिले नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तुमचं वर्षाचं भाडं ३०,००० रुपये, म्हणजे मर्यादा ७,५००. हा कायदा त्याला जोडलेल्या यादीत (अनुसूचीत) नावं असलेल्या भागांनाच लागू होतो, तुमचं गाव त्यात येतं का ते आधी विचारून घ्या. येत नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आहे. त्याच्या कलम १०८ मध्येही मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती नोटिशीनंतर झाली नाही तर ती करून खर्च वळता करायची सोय आहे, पण बंधन काय होतं हे ठरलेल्या बोलण्यावर अवलंबून असतं. म्हणूनच तो सह्यांचा कागद. हे सगळं विनामूल्य समजून घ्यायला तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, पूरग्रस्तांनाही हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. मनाने भाडं बंद करू नका, त्याने तुमची बाजू लंगडी होते.

घर सोडायचं का? माझं मत स्पष्ट आहे. मुलगा पुढच्या खोलीत झोपूनही दिवाळीपर्यंत त्याची छाती वाजतच राहिली, किंवा काकाजींनी बाहेरची माती आणि छप्पर यांना हातही लावला नाही, तर सोडा. महिन्याच्या कराराचं घर १५ दिवसांची नोटीस देऊन सोडता येतं. गावात घर नसेल तर तालुक्याला राहून बसने येणं-जाणं करा. दगदग होईल हे मला माहीत आहे, शाळेची वेळ गाठायला पहाटे उठावं लागेल. तरी सोडा. त्याआधी दोन महिने मात्र या घराला द्या, कारण माणूस चांगला आहे असं तुम्हीच लिहिलं आहे.

रजिस्टरांचं राहिलं. ती घरात उघडू नका. अंगणात सावलीत, वारा लागेल अशी उभी ठेवून आधी पूर्ण सुकवा. ओली पानं ओढली तर फाटतात. सुकल्यावर मास्क लावून बाहेरच मऊ ब्रशने बुरशी झटका, मग तासभर उन्हात. हजेरीपट आणि दाखल-खारीज रजिस्टर आधी घ्या आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मुख्याध्यापकांना लेखी कळवा की पुरात भिजली. तुमची स्वतःची पुस्तकं त्यानंतर, आणि ज्यांची पानं एकमेकांत घट्ट चिकटून काळी पडली आहेत ती सोडून द्या.